तुमच्या इन्स्पेक्टरने आधी सईसाला गाठावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका मराठी गुन्हेगारी मालिकेचा भाग लिहिताय. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर डर्बीचा, म्हणजे मोसमातल्या मानाच्या शर्यतीचा, दिवस आहे. शर्यतीच्या दहा मिनिटं आधी कुणीतरी तबेल्यात शिरून फेव्हरिट घोड्याला इंजेक्शन देतं, शेवटच्या वळणावर घोडा कोसळतो, जॉकी दगावतो, आणि इन्स्पेक्टरला गवतात सिरिंज सापडते. हे पटेल का, आणि अशा मालिकांमध्ये घोड्यांबाबत नेमकं काय चुकतं, असं तुम्ही विचारलंय.

मी घोड्यांचा डॉक्टर. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर आणि आसपासच्या स्टड फार्मवर माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. गुन्ह्याच्या मालिका मी आवडीने बघतो, देशी आणि परदेशी दोन्ही, आणि घोडा पडद्यावर आला की दर वेळी हळहळतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारताय औषधाबद्दल: कुठलं इंजेक्शन, किती वेळात लागू पडेल. पण तुमचा सीन अडकतो तो औषधावर नाही, माणसांवर. शर्यतीचा घोडा कधीच एकटा नसतो. एकेका सईसाकडे, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाकडे, एक-दोन घोडे असतात आणि त्याचं बिऱ्हाडही तबेल्याला लागूनच असतं. पहाटे घोड्याला बाहेर काढणं, खरारा, तोबरा, पाणी, संध्याकाळी पाय चाचपून गरम लागतात का बघणं, सगळं त्याच्याकडे. घोड्याने रात्री दाणा अर्धा टाकला हे ट्रेनरला, मालकाला, मला, कुणालाही कळायच्या आधी सईसाला कळलेलं असतं. मी कितीतरी आजार सईसाच्या एका वाक्यावरून पकडले आहेत. ‘साहेब, आज हा माझ्याकडे बघत नाहीये,’ असं तो म्हणाला की मी थर्मामीटर काढतो. मालिकांमध्ये हा माणूस फक्त घोडा धरून उभा असतो. त्याला नाव नसतं, त्याची साक्ष कुणी घेत नाही. बाकीच्या चुका मला यातूनच निघालेल्या दिसतात.

आता तुमचा सीन घेऊ. शर्यतीच्या दहा मिनिटं आधी घोडा तबेल्यात नसतो. तो खोगीर चढवून पॅडॉकमध्ये शेकडो लोकांसमोर फिरत असतो किंवा स्टार्टिंग गेटकडे निघालेला असतो. शिवाय साडेचारशे-पाचशे किलोचं, शर्यतीच्या दिवशी आधीच चढलेलं जनावर अनोळखी माणसाला मानेतली शीर सहजासहजी देत नाही. आम्हीसुद्धा सईसाने डोकं धरल्याशिवाय शिरेत सुई घालत नाही. स्नायूत टोचणं त्या मानाने सोपं, पण त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. सुई टोचली आणि घोडा धाडकन आडवा, हे फक्त पडद्यावर घडतं. गुंगीच्या औषधाने घोडा सहसा उभाच राहतो. मान खाली घालतो, खालचा ओठ लोंबतो, मागचे पाय फाकवून डुलतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमची कथा १९७० च्या दशकातली असेल तर तेव्हाच्या चाचण्यांना आजच्या मानाने फार कमी औषधं सापडत, तेव्हा बरंच काही खपून जाईल. कथा कोल्हापूर-सांगलीकडच्या घोडागाडी शर्यतीत घडत असेल तर तिथे शर्यतीनंतर लघवीचा नमुना घेणारं सहसा कुणी नसतं, आणि इंजेक्शनची गोष्ट तिथे जास्त खरी वाटेल. पण महालक्ष्मी म्हटलं की एक पूर्ण यंत्रणा आली. तिला वगळून कथा रचली तर जाणकार प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत उठून जाईल.

त्या यंत्रणेची रीत अशी. जिंकलेल्या घोड्याचा नमुना घेतलाच जातो. शिवाय स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, सांगतील त्या घोड्याचाही, आणि फेव्हरिट घोडा कारण नसताना मागे पडला तर त्याच्यावर बोट ठेवलं जाणारच. नमुन्याची जागा वेगळी असते. तिथे सईस घोड्याला घेऊन उभा राहतो आणि बारीक शीळ घालतो, कारण लहानपणापासून शीळ ऐकली की लघवी करायची अशी घोड्याला सवय लावलेली असते. कधी दोन मिनिटांत काम होतं, कधी अंधार पडेपर्यंत शीळ चालू. मग नमुन्याचे दोन भाग होतात, घोड्याच्या बाजूच्या माणसासमोर बाटल्यांना सील लागतं, त्याची सही होते. तुमचा इन्स्पेक्टर गाडीतून उतरेल तेव्हा सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्या आधीच सीलबंद झालेला असेल. आणि पहिली चौकशीही पोलीस करत नाहीत, स्टुअर्ड करतात, शर्यतीचं चित्रण समोर ठेवून, जॉकीचा घामही वाळलेला नसताना. हा सीन मी अजून कुठल्याही मालिकेत पाहिलेला नाही. तुम्ही लिहा, फार जिवंत होईल.

मालिकांना वाटतं की गुन्हेगार घोड्याला जास्त पळवायला बघतो. पण पळवून जिंकवलं की चाचणी ठरलेलीच, म्हणजे चोराने स्वतःहून पोलीस चौकीत जाण्यासारखं आहे. उत्तेजक दिलेला घोडा पॅडॉकमध्येच घामाने न्हातो, उसळ्या मारतो, आणि गेटपर्यंत जाईतो निम्मा संपलेला असतो. घोड्याला जिंकवायचं तर इतर सगळे घोडेही हरावे लागतात. त्याला हरवायचं तर एकालाच गाठलं की पुरतं. म्हणून जुना, खरा गुन्हा थांबवण्याचा आहे. १९९० मध्ये इंग्लंडात डॉनकास्टरच्या शर्यतींत ब्रेव्हफूट आणि नॉर्विच या दोन घोड्यांना एसीपी नावाचं गुंगीचं औषध दिल्याचं चाचणीत सिद्ध झालं. हे औषध आम्ही रोजच्या कामात वापरतो, त्यामुळे त्याची चिन्हं ठाऊक आहेत: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा वर येतो, पापण्या जड होतात, आणि नराचं लिंग बाहेर येऊन लोंबतं. शर्यतीला निघालेल्या तरण्याबांड घोड्यात हे दिसलं तर सईसाच्या नजरेतून सुटणार नाही. मग तो गप्प का बसला? तुमच्या भागाचा प्रश्न हा हवा.

औषधाशिवायचा एक प्रकारही सांगतो. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. तोंडाने श्वास घेण्याची सोय त्याच्या घशाच्या रचनेतच नाही. भरधाव पळताना प्रत्येक ढांगेला एक श्वास असं त्याचं गणित असतं. अमेरिकेत केंटकीमध्ये १९९० च्या दशकात कुणीतरी घोड्यांच्या नाकपुडीत स्पंजचे तुकडे खोलवर सारून ठेवत होतं. घोडा दिसायला ठीक, लघवी-रक्त स्वच्छ, आणि शर्यतीत मात्र अर्ध्या वाटेवर हवा कमी पडून गळून जातो. हे उघडकीला कसं येतं? काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड गळायला लागतो. दोन्ही नाकपुड्या वाहत असतील तर आम्ही सर्दी-तापाचा विचार करतो. एकच वाहते आणि कुजका वास येतो म्हटल्यावर आत काहीतरी अडकलंय किंवा दाताचं मूळ सडलंय, असा तर्क करून दुर्बीण घालतो. आणि रोज ओल्या फडक्याने घोड्याचं नाक पुसणारा माणूस कोण असतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

दुसरी लाडकी कल्पना म्हणजे घोडा बदलणं. एकसारखा दिसणारा दुसरा घोडा आणला की काम झालं, असं मालिकेत दाखवतात. आज थरोब्रेडची, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याची, नोंद पुण्यातल्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते, आईबाप डीएनएवरून तपासलेले असतात, मानेत मायक्रोचिप असते, आणि पासपोर्टवर अंगावरचे पांढरे पट्टे आणि भोवरे काढलेले असतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शुभ-अशुभ ठरवायला लोक जे भोवरे बोट ठेवून मोजतात, तेच भोवरे आम्ही ओळख पटवायला कागदावर मांडतो, कारण दोन घोड्यांचे भोवरे हुबेहूब जुळत नाहीत. जगातलं सगळ्यात गाजलेलं अदलाबदलीचं प्रकरण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला १९८४ च्या ऑगस्टमध्ये झालं. फाइन कॉटन नावाच्या सामान्य घोड्याच्या जागी बोल्ड पर्सनॅलिटी नावाचा चांगला घोडा पळवला. मूळ घोड्याच्या पायांवर पांढरं होतं, म्हणून याच्या पायांना रंग फासला. घोडा जिंकला, पण त्याच्यावर लागलेल्या पैशाने भाव आधीच ३३ ला १ (एकाला तेहतीस) वरून ७ ला २ (एकाला साडेतीन) पर्यंत कोसळला होता, म्हणजे गुपित किती जणांना माहीत होतं ते बघा. लोक तिथेच ओरडायला लागले, स्टुअर्डनी घोड्याचे कागद मागितले, आणि तोवर ट्रेनर पसार झालेला होता. संशय आधी पैशाच्या हालचालीवरून आला, रंगाची भानगड त्यानंतर.

यावरून एक शूटिंगची गोष्ट. आपल्याकडे शर्यतीचा घोडा म्हणून वरातीचा मारवाडी किंवा काठियावाडी घोडा उभा करतात. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकायला आलेली असतात. तसे कान थरोब्रेडला नसतात. क्लोजअपमध्ये कान दिसले की सगळा सीन खोटा पडतो.

पैशाची बाजूही मालिका सोडून देतात. टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारं रेसकोर्सचं बेटिंग. खलनायक त्या टोटच्या खिडकीवर पेटी रिकामी करतो आणि चाळीसपट पैसे घेऊन जातो, हे गणिताने शक्य नाही. समजा विनच्या पूलमध्ये, म्हणजे पहिला कोण येईल यावर लागलेल्या एकत्र पैशात, १० लाख जमलेत आणि त्यातले २० हजार त्या बेभरवशाच्या घोड्यावर आहेत. हिशोब सोपा जावा म्हणून एकूण २० टक्के कापले असं धरू. उरले ८ लाख, म्हणजे रुपयाला ४० रुपये. आता खलनायकाने त्यावर ५ लाख लावले. पूल झाला १५ लाख, कापून १२ लाख, आणि घोड्यावरचे पैसे ५ लाख २० हजार. रुपयाला जेमतेम सव्वादोन. त्याच्याच पैशाने त्याचा भाव मारला. शिवाय आकडे फलकावर सगळ्यांना दिसतात. म्हणून खरा पैसा रेसकोर्सच्या बाहेर, बिनपरवाना बुकींकडे, छोट्या रकमांत वाटून लागतो. रेसकोर्सवरच्या बेटिंगवर ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाल्यावर बाहेरच्या धंद्याला आणखी जोर आला असणार, असं माझं मत आहे. तेव्हा इन्स्पेक्टरने महालक्ष्मीच्या बेटिंगच्या रिंगमध्ये ‘जुगार अड्डा’ म्हणून धाड घालू नये. परवान्याच्या आवारातलं बेटिंग कायदेशीर आहे, मुंबईत १९१२ पासून त्यासाठी वेगळा परवाना कायदा आहे, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलंय. धाड पडते ती एखाद्या सोसायटीतल्या फ्लॅटवर, जिथे चार फोन आणि एक वही असते.

जॉकीबद्दल एवढंच. शर्यत संपल्यावर तो मालकाच्या गळ्यात पडत नाही, आणि खोगीर दुसऱ्याच्या हातात देऊन पार्टीला जात नाही. स्वतःचं खोगीर स्वतः उतरवून त्याला काट्यावर उभं राहावं लागतं, आणि वजन बसलं नाही तर जिंकलेली शर्यत जाते. शर्यत चालू असताना खुणेने बोलणं, मागे वळून शत्रूकडे बघणं, हेही सोडा. १२०० मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते. आणि पळताना घोडे खिंकाळत नाहीत. खिंकाळी म्हणजे सोबत्याला मारलेली हाक. ऐकू येतात त्या टापा आणि नाकातून सुटणाऱ्या श्वासांचे भाते.

आता कोसळण्याबद्दल, कारण तुमची कथा त्यावर उभी आहे. घोडा शर्यतीत पडतो तो बहुतेक वेळा हाड मोडल्यामुळे. क्वचित हृदयाची लय बिघडून किंवा फुप्फुसात मोठा रक्तस्राव होऊन तो पळता पळता मरतो. नाकातून रक्त आलं की विषप्रयोग, हे मालिकेचं समीकरण चुकीचं आहे. जोरात पळताना फुप्फुसातल्या केशवाहिन्या फुटतात, आणि शर्यतीनंतर दुर्बिणीने पुन्हा पुन्हा तपासलं तर बहुतेक शर्यती घोड्यांत कधी ना कधी थोडं रक्त दिसतंच. नाकाबाहेर आलं तर घोड्याला काही काळ शर्यतीतून बाहेर ठेवतात. त्यात गुन्हा काही नाही. मेलेल्या घोड्याचे डोळेही मिटलेले नसतात. उघडे राहतात, आणि आम्ही बुबुळाला बोट लावून पापणी हलते का ते बघतो.

पाय मोडलेल्या घोड्याला ट्रेनर रागाच्या भरात पिस्तुलाने मारतो, हा सीन मला खरोखर छळतो. रेसकोर्सवर पडदे आडवे धरले जातात, डॉक्टर पाय तपासतो, आशा नसेल तर शिरेतून औषध देऊन त्याला वेदनेतून सोडवतो. ‘एका पायासाठी जीव का घेता?’ असं पात्राच्या तोंडी टाकणार असाल तर उत्तरही द्या. घोडा महिनोन्‌महिने झोपून राहू शकत नाही. मोडक्या पायाचं वजन उरलेल्या पायांवर येतं आणि तिथले खूर आतून सुटायला लागतात. अमेरिकेचा बार्बारो हा डर्बी जिंकलेला घोडा. २० मे २००६ ला त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पैसा, उत्तम सर्जन, उत्तम इस्पितळ, सगळं त्याला मिळालं. हाड बऱ्यापैकी जुळलं, पण दुसऱ्या पायांचे खूर गेले, आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला सोडवावं लागलं. त्या वेळी निर्णय घेणारा डॉक्टर खुनी नसतो. मी ते काम केलं आहे, आणि त्यानंतर सईसाच्या शेजारी नुसतं बसून राहण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

विषच हवं असेल तर पाण्याच्या बादलीत पूड टाकू नका. घोडा चवीला फार चोखंदळ. पाणी जरा वेगळं लागलं तर तोंड फिरवतो. वास्तवात घोडे दगावतात ते बहुधा विश्वासातल्या वस्तूमुळे. एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे एका सामन्याच्या आसपास एकामागोमाग मेले. त्यांना दिलेल्या पोषक मिश्रणात सेलेनियम नेमून दिल्यापेक्षा कितीतरी पट जास्त पडलं होतं. मिश्रण बनवणाऱ्याची चूक होती, हेतू नव्हता. तसंच, कोंबड्यांच्या खाद्यात चालणारी काही औषधं घोड्याच्या हृदयाचा स्नायू नासवतात. एकाच गिरणीत दोन्ही खाद्यं दळली गेली तर घात होतो. गुन्हा आहे की हलगर्जीपणा, हे ठरवताना तुमच्या इन्स्पेक्टरचा कस लागेल.

तर तुमच्या भागाचं काय करावं? डर्बी ठेवा. फेब्रुवारीतला रविवार आणि २४०० मीटरची ती शर्यत सोडण्यासारखी नाही. घोडा कोसळवू नका. त्याला पाचवा-सहावा येऊ द्या. गर्दी चिडते, स्टुअर्ड चौकशी लावतात, जॉकी म्हणतो शेवटच्या ४०० मीटरला दमच उरला नव्हता. नमुना स्वच्छ येतो. आठवड्याने पुण्याच्या तबेल्यात एका नाकपुडीतून वास येतो. तुम्हाला मृत्यू हवाच आहे, तर तो त्या माणसाचा असू द्या ज्याने घोड्याचं डोकं धरलं होतं, कारण अनोळखी माणसाला घोडा नाकात हात घालू देत नाही. इतकं कळलं की संशयितांची यादी दोन-तीन नावांवर येते. सिरिंज सापडू द्या हवं तर, पण तिला महत्त्व देऊ नका. डॉक्टरांची रोजची ये-जा असते त्या जागी सिरिंज सापडण्यात नवल नाही.

इन्स्पेक्टरने सईसाला ‘त्या रात्री कोण आलं होतं’ असं विचारलं तर उत्तर ‘कोणी नाही’ असंच येईल, कारण ओळखीचा माणूस ‘कोणी’ मध्ये धरत नाहीत. त्याने विचारावं की घोड्याने दाणा कधी सोडला, पाणी किती प्यायला, तोंडाजवळ हात नेला की मान झटकायला लागला तो कुठल्या दिवसापासून. सईस तारखेने बोलणार नाही, कामाने बोलेल: नाल बदलले त्याच्या दुसऱ्या दिवशी, अमुक घोडा शेजारच्या ठाणावर आला त्या दिवशी. तो हिशोब नालबंदाच्या वहीशी ताडून बघितला की तारीख मिळते.

आणि शूटिंगचं एक. पडण्याचा शॉट घ्यायचा हट्ट झाला तर खऱ्या घोड्याला पाडू देऊ नका, पायाला दोरी-तार लावून तर मुळीच नाही. प्राणी वापरायचा तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी काढावी लागते. तो अर्ज लवकर करा, त्यात घोड्याकडून नेमकं काय करून घेणार ते लिहा, आणि सेटवर घोड्यांचा डॉक्टर ठेवा. वरातीच्या घोड्याऐवजी निवृत्त थरोब्रेड मिळतो का ते एखाद्या रायडिंग स्कूलमध्ये विचारा, आणि त्याच्याबरोबर त्याचा रोजचा माणूसही बोलवा. संहिता तयार झाली की स्टुअर्डच्या चौकशीचा आणि नमुन्याचा सीन इथे टाका, मी वाचून सांगतो.